दोनचे पाणी

शके १७८५, कार्तिक शुद्ध दशमी. रक्कम तीन रुपये, कलदार. जागा अमरावतीचा दवाखाना. हजर माणसे चार: दवाखान्याचे डॉक्टर, मी, माझे कुटुंब आणि तिचा हात धरून आलेली शेजारची म्हातारी, जिला आम्ही दोघेही मावशी म्हणत असू.

रक्कम अनामत होती. औषधाला पैसा पडत नव्हता. पण ते ज्या बाटलीत दिले ती काळ्या काचेची, काचेच्याच बुचाची, विलायतेहून आलेली होती आणि तशा बाटल्या दवाखान्यात मोजक्याच होत्या. बाटली परत आणा, तीन रुपये परत न्या, असा तिथला नियम. माझ्या कनवटीला त्या वेळी सव्वा रुपया होता. उद्या घेऊन येतो असे मी म्हणणार, तोच कुटुंबाने डोळे मिटलेलेच ठेवून पदराची गाठ चाचपली, सोडली आणि तीन रुपये माझ्या हातावर ठेवले. ते तिचे स्वतःचे होते. तिचे माहेर अंजनगाव सुर्जीच्या बाजूला, पानमळ्याचे आणि फुलांचे. आमच्या घरीही ती हार गुंफून देवळापाशी बसणाऱ्या माळणीला देई आणि त्याचे जे येईल ते पदरात बांधून ठेवी. रुपये कोणाचे होते हे आधीच लिहून ठेवतो, कारण शेवटी ते लागणार आहे.

मी कापसाच्या बाजारात तोलाईचा कारकून. दूर कुठल्या मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. परकोटाबाहेर गाड्यांची रांग सकाळी लागे ती दिवेलागणीला संपे. लोकांनी बैलांची शिंगे चांदीने मढवली. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी ज्याच्या पायात वहाण नव्हती तो माणूस मी तोलताना मला दटावू लागला होता. तोल हाच माझा धंदा, आणि माझा आकडा चुकत नाही अशी माझी ख्याती होती. ही ख्याती मला फार आवडत असे. तेही लिहिले पाहिजे.

त्या साली हस्ताचा पाऊस संपता संपता गावात डोळे आले. घरोघर माणसे लाल डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून ओसरीवर बसलेली. बहुतेकांचे आठ-दहा दिवसांत बरे झाले. माझ्या कुटुंबाचे होईनात. पापण्या सकाळी चिकटून बसत, कोमट पाण्याने सोडवाव्या लागत. मावशीने दूध घातले, कोणी तुरटीचे पाणी सांगितले, तेही झाले. शेवटी मी तिला दवाखान्यात नेले.

डॉक्टर पुण्याकडचे. बोलणे स्वच्छ आणि हळू. त्यांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले की बुबुळ अजून साफ आहे, आतली सूज तेवढी उतरली पाहिजे; वेळेवर औषध गेले तर नजरेला काही होणार नाही. औषध म्हणजे चांदीचा खार. शोऱ्याच्या तेजाबात चांदी विरघळवून तो करतात. दिसायला साध्या पाण्यासारखा, वास नाही, रंग नाही. बाटलीतले पाणी जहाल होते. डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा बजावले:

“हे जसेच्या तसे डोळ्यात गेले तर डोळा उरणार नाही. शंभरात एक. एवढे लक्षात ठेवा.”

पातळ केलेले औषध टिकत नाही, म्हणून दर तीन दिवसांनी ताजे करायचे. विहिरीचे पाणी घालायचे नाही, पावसाचेच घालायचे, कारण पाण्यात मीठ असले की औषध फाटते, दुधासारखे पांढरे होते आणि मरते. तांब्या-पितळेच्या भांड्याला लावायचे नाही. उजेडात ठेवायचे नाही, आणि अंगावर सांडले तर डाग काळा पडेल, घाबरायचे नाही. दिवसातून तीन वेळा, दोन्ही डोळ्यांत एक एक थेंब. उरेल त्याने पापण्या पुसायच्या.

शंभरात एक म्हटल्यावर मी तिथेच बसल्या बसल्या हिशेब केला. आमच्या घरी मोजायला धातूचे नाही असे एकच लहान माप होते, अत्तराची काचेची कुपी. एक कुपी औषध आणि नव्व्याण्णव कुप्या पाणी मोजायचे म्हणजे एखादी कुपी चुकणारच, आणि इतके पाणी तीन दिवसांनी फेकून द्यायचे. त्यापेक्षा एक कुपी औषधात नऊ कुप्या पाणी घालावे. ते दहात एक झाले. त्यातली एक कुपी दुसऱ्या वाटीत घेऊन तिच्यात पुन्हा नऊ कुप्या पाणी घालावे. दहाचे दहा, शंभर. वीस कुप्यांत काम होते आणि चुकायला जागा उरत नाही. मी हे डॉक्टरांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “बरोबर आहे. आमच्या कंपाउंडरला एवढे सुचले नसते.”

ही शाबासकी मी घरापर्यंत मिरवत नेली. डॉक्टरांच्या रीतीने नव्व्याण्णव कुप्या मोजल्या असत्या तर चार-पाच कुप्या चुकूनही काही बिघडले नसते. हे मला पुढे कळले.

आता मापाबद्दल सांगतो. वऱ्हाडात खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. बाजारात आम्ही कारकून असे मोजत नाही, पण घराघरात ती चाल आहेच. माझ्या कुटुंबाच्या माहेरी तर पानांची कवळी, म्हणजे जुडी, मोजायची असो की फुलांच्या टोपल्या, तोंडातून ‘एक’ निघतच नसे. लग्न होऊन आली तेव्हा ती भाकरीसुद्धा तशाच मोजी. मी जेवता जेवता तिला चिडवत असे.

“लाभ, दोन, तीन. म्हंजे दुसरी-तिसरी म्या खाल्ली. पन पयली कोनं खाल्ली?”

“तुमीच खाल्ली. पन तिले मोजली नाई. मोजलेल्याले नजर लागते.”

“मंग दुसरीले नाई लागत काय?”

“तिच्या पुढं लाभ उभा हाय ना.”

असे म्हणून ती पदर तोंडाला लावून हसे. तोवर सगळे ठीक होते.

एकदा वखारीचे मुनीम आणि आणखी दोघे आमच्या ओसरीवर बसले होते. ती आत मावशीला पायलीने ज्वारी मोजून देत होती आणि लाभ म्हणाली. मी बाहेरून मोठ्याने म्हणालो, “मुनीमजी, आमच्या घरची उजळणी दोनापासून सुरू होते. तुमच्या वखारीत ठेवता काय हिले? दर गाडीमागं एक बोजा फुकट मियेल.” मंडळी खूप हसली. मीही हसलो. आतून मापाचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला, पण आकडे ऐकू आले नाहीत. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर मोठ्याने मोजेनाशी झाली. ओठ तेवढे हलत. मला वाटले, सवय सुटली. बरे झाले.

दवाखान्यातून आल्यावर पहिले दोन दिवस औषध मी स्वतः केले. हस्ताच्या पावसाचे पाणी मावशीने रांजणात धरून ठेवले होते, ते गाळून घेतले. तिच्याच घरच्या चिनी मातीच्या दोन सारख्या वाट्या आणल्या. फडताळात सर्वांत आत काळ्या फडक्यात बाटली, तिच्यापुढे ओळीने दोन वाट्या. कुटुंब डोळ्यांवर पट्टी ठेवून पडून असे आणि मी मोजताना ऐकत असे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पापण्या आपोआप उघडल्या. तिने मला पाहिले आणि म्हणाली, दाढी वाढली तुमची. गालावर औषध ओघळले होते तिथे फिकट तांबूस डाग पडला होता, चहाच्या पाण्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलेच होते.

तिसऱ्या दिवशी, मी ज्यांच्याकडे कामाला होतो त्या शेठजींचा निरोप आला. अकोल्याच्या वखारीत तोलात फरक पडतो आहे, पाच-सहा दिवस जाऊन सगळा माल पुन्हा तोलून यावे, भत्ता दुप्पट. मला नाही म्हणता आले असते. घरी आजार आहे म्हटले असते तर शेठजी माणूस म्हणून वाईट नव्हते. पण डोळे उघडले होते, औषध लागू पडले होते, आणि कृती अशी सोपी होती की कोणीही करावी. मी होकार दिला आणि निघण्याआधी तिला शिकवायला बसलो.

बाटली, कुपी, दोन वाट्या. तिच्या हातानेच करवून घेतले.

“दवेची कुपी पयली. मंग पान्याच्या नव. दवा धरून दहा.”

“दवा धरून,” ती म्हणाली.

“हो. दवेले सोडून मोजशील त अकरा होतील. मोजताना दवा धरायचीच.”

तिने अचूक केले. ओठ हलत होते, हात स्थिर होता. मग त्या वाटीतली एक कुपी दुसऱ्या वाटीत, वर पाण्याच्या नऊ. तेही अचूक. वाट्या फडताळात बाटलीपुढे ओळीने ठेवून मी म्हणालो, “डोयात दोनचंच पानी टाकायचं. पयलं डोयात टाकायचं नाई. उरन त्यानं पापन्या पुसजो.”

“पयलं डोयात नाई. दोनचं डोयात. उरन त्यानं पापन्या.”

मी तिच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतले. तिन्ही वेळा शब्द बरोबर आले. शिवाय मी मिठाचे बजावले, मीठ लागले की दवा मरते, हात धुऊन बस, खारट काही जवळ आणू नको. ती हो म्हणाली. मी वाट्यांवर एक रेघ आणि दोन रेघा ओढल्या असत्या तर ते अर्ध्या पळाचे काम होते. बाजारात दर बोज्यावर मी गेरूची खूण करतो. घरी मला तशी गरज वाटली नाही.

बैलांच्या दमणीने बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचलो. वखारीच्या विहिरीचे पाणी खारट. त्या पट्ट्यात तसेच असते, डाळ शिजत नाही. पहिला घोट घेतला तेव्हा मला औषधाची आठवण झाली. हे पाणी घातले असते तर चांदीचा खार फाटून पांढरा झाला असता. आमच्या घरी हस्ताचे पाणी आहे, हे बरे, असे माझ्या मनात आले. काम पाच दिवसांचे होते ते सहा दिवसांचे झाले, कारण मी प्रत्येक बोजा दोनदा तोलला. फरक सापडला, काट्याची एक साखळी झिजली होती. मला शाबासकी मिळाली. जाण्या-येण्याचे सहा आणि कामाचे सहा, असे बारा दिवस मी घराबाहेर होतो.

घरी पोचलो ती दुपारची वेळ. मावशी दारात बसली होती. तिने आत बोट दाखवले. कुटुंब भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत काळे ओघळ होते, कोळशाने ओढावेत तसे. बोटांची टोके काळी. पदराचा काठ काळा. मी गेलो तेव्हा डाग चहाच्या पाण्यासारखा होता. मी काही विचारण्याआधी मला आकडा कळला. दहापट.

माझ्या पावलांच्या आवाजाकडे तिने तोंड वळवले, पण माझ्याकडे नाही, जरा बाजूला.

“आले तुमी? लय आग होते हो. पन म्या एक बी खेप चुकवली नाई.”

मी तिला उचलून फडताळापाशी नेले. विचारले, डोळ्यात कोणत्या वाटीतले टाकलेस.

“दोनच्या.”

“दोनची कोनती, दाखव.”

तिने हात पुढे केला. बाटलीला बोट लावले, तिथून पुढे सरकली आणि बाटलीला लागून असलेल्या वाटीवर हात ठेवला.

“हे एकची हाय,” मी म्हणालो.

“पयली त बाटली ना. दवा धरून मोजायचं, तुमीच त सांगतलं.” मग ती फार हळू बोलली. बाटलीवर बोट, “लाभ.” पहिल्या वाटीवर, “दोन.” दुसऱ्या वाटीवर, “तीन. हे उरलं. यानं पापन्या पुसल्या.”

मी विचारले, मी शिकवत होतो तेव्हा हे मोठ्याने का म्हणाली नाहीस.

“तुमी हासता म्हनून मनात म्हनलं.”

तिने काहीच चुकीचे केले नव्हते. वाटीत मोजताना मी तिला दवा धरायला सांगितले आणि वाट्या मोजताना मी स्वतः दवा सोडली. तिने एकच नियम दोन्हीकडे पाळला. मी दोन नियम चालवले आणि शब्द एकच वापरला. तीन वेळा म्हणवून घेतलेले वाक्य तिचेही खरे होते, माझेही खरे होते. मध्ये नऊ कुप्या पाण्याचे अंतर होते. जे पाणी डोळ्यात जायचे ते ती दर तिसऱ्या दिवशी नीट करी, त्याने पापण्या पुसे आणि मागे राहिलेले नियमाप्रमाणे फेकून देई.

पाठीवर घेऊन तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी खिडकीपाशी बसवून पाहिले. उजव्या बुबुळावर पांढरे फूल पडले होते, पूर्ण. डाव्यावर खालून वर चढत होते. त्यांनी मिठाचे पाणी करून डोळे धुतले, आणि धुता धुता मला न पाहता सांगितले की उजवा गेला; डाव्याला उजेड-अंधार कळेल, फार तर माणूस उभे आहे एवढे कळेल. नोंदवही उघडून त्यांनी विचारले, “मोजले कोणी?”

“म्या,” कुटुंब म्हणाले.

“हिशेब माझा होता,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिले आणि काय लिहिले ते मी पाहिले नाही. मग ते तिच्याशी बोलले, रागाने नाही, खरोखर न कळून. इतकी आग होत होती तर डोळ्यांना पाणी कसे सुटले नाही? डोळ्यांचे पाणी खारट असते, ते वाहिले असते तर औषध आपोआप मेले असते, निदान निम्मे तरी.

“सुटत होतं,” ती म्हणाली. “म्या येऊ नाई देलं. मिठानं दवाई मरते, असं यांनी सांगतलं व्हतं.”

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला.

घरी आल्यावर मावशीने मला ओसरीवर थांबवले. तिने सांगितले की चौथ्या दिवसापासून ती रोज म्हणत होती, बाई, बंद कर, माणूस येईपर्यंत थांब. आणि दर वेळी उत्तर एकच: त्यांनी मोजून दिले आहे, त्यांचा आकडा चुकत नाही. मावशी म्हणाली, “पोरा, देवापरीस तुयावर भरोसा ठेवला तिनं. देवाले त ती काही उलटं झालं की इचारते तरी. तुले मनातल्या मनात बी इचारलं नाई.”

मी त्या आठवड्यात कामावर गेलो नाही. बसून एकच हिशेब केला. दिवसाला तीन थेंब, बारा दिवस, एका डोळ्यात छत्तीस. प्रत्येक थेंबात दहा थेंबांचा खार. म्हणजे एका डोळ्यात तीनशे साठ. एकशे वीस दिवसांचे औषध बारा दिवसांत. हा हिशेब मी किती वेळा केला ते सांगत नाही. उत्तर दर वेळी तेच आले. त्या साली वऱ्हाडात गाडीगाडीने चांदी येत होती. आमच्या घरात आली ती एवढी.

गालावरचे डाग महिनाभरात गेले, बोटांचेही. पदराचा गेला नाही. मी तो रिठ्याने धुतला, लिंबाने धुतला, राखेच्या निवळीत भिजवला. ती म्हणाली, ठेवा तसंच, मले कुठं दिसून राहिलं. हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर मला सोसायला सोपे गेले असते.

तिने मला कधी दोष दिला नाही. ती भिंत धरून चालायला शिकली, मग भिंत सोडून. चुलीजवळचे काम मावशीने आणि मी वाटून घेतले. हार मात्र ती पूर्वीसारखेच गुंफी. देठ बोटाला लागला की फूल कोणते हे तिला कळे, आणि माळीण म्हणे की गाठी आता जास्त घट्ट येतात. फक्त मोजणे आमच्या घरातून गेले. ती ज्वारी काढी तेव्हा ओठही हलत नसत. हात भरे, ओते, थांबे. मीही घरात आकडा उच्चारत नसे. बाजारात माझी रीत बदलली. कोणी मला पहिली गाडी, पहिला बोजा म्हटले की मी विचारतो, कुठून पहिला? गाडीवान हसतात. म्हणतात, बाबूसाहेब आता म्हातारे झाले. हसू देतो. उत्तर मिळेपर्यंत काट्याला हात लावत नाही.

बाटली मी परत केली नव्हती. काळ्या फडक्यात, फडताळात, जिथे होती तिथेच. फेकता येत नव्हती आणि दवाखान्याची पायरी चढवत नव्हती. अशी चार वर्षे गेली. तिकडची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, बैलांच्या शिंगांवरची चांदी पुष्कळांनी सोनाराला विकली. बडनेऱ्यावरून आगगाडी जाऊ लागली आणि अकोल्याचा तीन दिवसांचा रस्ता काही घटकांचा झाला. त्या साली आगगाडी असती तर मी आठव्या दिवशी घरी असतो. डॉक्टरांना मी हे कधी विचारले नाही की आठव्या दिवशी डावा वाचला असता काय.

एका सकाळी हार गुंफता गुंफता ती म्हणाली, “ते बाटली देऊन या ना आता. माये तीन रुपये अडकले हायेत तिच्यात.”

मी म्हणालो, चार वर्षे झाली, कोण देणार.

“तुमी नेऊन त पाहा. फुलाचे पैसे व्हते ते.”

मी गेलो. डॉक्टर तेच होते, केस पिकले होते. त्यांनी मला ओळखले. बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली; तळाशी थोडे औषध अजून होते. ते त्यांनी मोरीत ओतले, वर मीठ टाकले, पाणी टाकले. जुनी वही काढून नोंद शोधली, रकमेपुढे सही केली आणि तीन रुपये मोजून दिले. मग विचारले, घरी कशा आहेत. मी सांगितले, हार गुंफतात. ते म्हणाले, “त्यांना सांगा, मी विचारले होते.” मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. इतरांसाठी ते उठत नाहीत.

घरी ती दाराशी उजेडात बसली होती. डाव्या डोळ्याला उजेड कळतो म्हणून तिथेच बसते. मी समोर बसलो, डॉक्टरांचा निरोप सांगितला आणि तिचा तळवा उघडून त्यावर तिन्ही रुपये ठेवले. तिने अंगठ्याने एकेकाची कड चाचपली, कलदार आहेत की नाही ते पाहिले. मग एक एक करून मांडीवर ठेवू लागली. मला ऐकू येईल असे, चार वर्षांत पहिल्यांदा, ती मोजत होती.

“लाभ. दोन. तीन.”

तिने ते पदराच्या काळ्या काठात बांधले आणि गाठ ओढून पाहिली.

रुपये तीन, कलदार. ज्यांचे होते त्यांना पोचले.